पाडकामाआधीची नोंद: किनाऱ्यावरच्या जुन्या गावांसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गावाचा पुनर्विकास ठरला की चर्चा होते ती जागेच्या वाटणीची, मोबदल्याची आणि रस्त्याच्या रुंदीची. जी घरं पाडायची त्यांत काय आहे, त्यांच्या पायाखाली काय आहे, हा विषय बहुतेकदा यंत्र दारात येऊन उभं राहिल्यावरच निघतो. रहिवासी, घरमालक, विद्यार्थी, प्रकल्पावरचे अभियंते असे सगळेच जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे घेतले आहेत.

घर पाडायचंच आहे, मग त्याची नोंद कशासाठी?

कारण पाडल्यावर ती करता येत नाही. साध्या घरांची कागदपत्रं क्वचितच सापडतात. घर कधी बांधलं, कुठली खोली मूळची, कुठली मागाहून जोडली, छप्पर कधी उचललं, हे सगळं त्याच्या भिंतींत आणि लाकडांतच असतं. स्मारकांच्या जतनाचा जगभर आधार मानल्या जाणाऱ्या १९६४ च्या व्हेनिस सनदेत सोळावं कलम याच कामासाठी आहे. जतन असो, डागडुजी असो की उत्खनन, रेखाटनं आणि छायाचित्रांसह नेमकी नोंद ठेवावी, ती सार्वजनिक संस्थेच्या दप्तरी जमा करावी आणि अभ्यासकांना पाहता यावी, असं ते सांगतं.

नोंद असली की काय होऊ शकतं, याचं मोठं उदाहरण पोलंडच्या राजधानीचं, वॉर्साचं. दुसऱ्या महायुद्धात त्या शहराचा जुना भाग जवळजवळ जमीनदोस्त झाला. तिथल्या तंत्रविद्यापीठाच्या वास्तुकला विभागाने केलेली मोजणीची रेखाटनं मात्र शहराबाहेर नेऊन एका मठात लपवली होती. ती, जुने फोटो आणि अठराव्या शतकातली शहराची चित्रं यांच्या आधारावर जुना भाग पुन्हा उभा राहिला आणि १९८० साली जागतिक वारसा यादीत गेला. पॅरिसच्या नोत्र-दाम या जुन्या चर्चचं छप्पर १५ एप्रिल २०१९ ला जळालं, तेव्हाही त्या लाकडी सांगाड्याची हाताने घेतलेली मोजमापं आणि लेझर स्कॅन आधीच तयार होते. जीर्णोद्धाराला त्यांचा मोठा आधार झाला.

किनाऱ्यावरच्या गावातली मिठाची वखार कोणी पुन्हा बांधणार नाही, हे मान्य. तरीही तिची नोंद हवी. वखारीचं जोतं किती उंच ठेवलं होतं, यावरून जुन्या भरतीच्या पाण्याचा अंदाज येतो. तुळईचं लाकूड कुठलं, यावरून व्यापार कुठे चालायचा ते कळतं. पुढच्या पिढीतला अभ्यासक कुठला प्रश्न घेऊन येईल हे आज सांगता येत नाही, म्हणून आज दिसतंय ते सगळं नीट लिहून ठेवायचं.

नोंद झाली म्हणजे पाडायला मोकळीक मिळाली, असं आहे का?

अजिबात नाही, आणि हा गैरसमज फार नुकसान करतो. वास्तू वाचत असेल तर ती वाचवणं केव्हाही वरचढ. डब्लिनमध्ये वुड की या जागी महापालिकेच्या कार्यालयांसाठी खोदताना व्हायकिंग काळातली वस्ती सापडली. १९७८ मध्ये ती वाचवण्यासाठी सुमारे २०,००० लोक रस्त्यावर उतरले. कार्यालयं तरीही झाली. आज तिथल्या वस्तीबद्दल जे कळतं, ते उत्खननातल्या वस्तू आणि नोंदी यांतूनच.

नोंद करायची तर ती आराखडा पक्का होण्याआधी व्हावी, असं माझं ठाम मत आहे. वेळेवर झालेली नोंद हातात असली की वास्तुविशारद पाया चार मीटर सरकवू शकतो, एखादी भिंत नव्या बांधकामात सामावून घेऊ शकतो, जुनी विहीर अंगणात ठेवू शकतो. मंजुरीनंतर केलेल्या नोंदीला फक्त नाश टिपण्याचं काम उरतं.

आमच्याकडे भव्य असं काहीच नाही. साध्या घरांत काय पाहायचं?

भव्य वास्तूंची रेखाटनं कुठे ना कुठे असतातच. जाळी ठेवायचा माळा, होड्या ओढून ठेवायची पडवी, मासळी वाळवायचा ओटा, चुन्याची भट्टी, पाण्यात उतरणाऱ्या दगडी पायऱ्या, होडी बांधायचे खुंटे, जकातीची चौकी, दीपगृहावरच्या माणसांच्या खोल्या, कुंपणाच्या गडग्या भिंती: यांचं चित्र कोणी काढून ठेवलेलं नसतं आणि पुनर्विकासात आधी जातात त्या याच. घरांइतकंच घरांमधल्या मोकळ्या जागांकडेही लक्ष द्या. गल्ली किनाऱ्याकडे सरळ का उतरते, घरांची दारं वाऱ्याच्या कुठल्या बाजूला आहेत, पावसाचं पाणी कुठून वाहून जातं, हे गावाच्या नकाशावर मांडलं की गाव समुद्राशी कसं जुळवून घेत वाढलं ते दिसतं. एकेक घर सुटं मोजलं तर हे हातातून निसटतं.

प्रत्येक घराची सारखीच नोंद करायची का?

तेवढा वेळ कधीच नसतो. इंग्लंडमध्ये हिस्टॉरिक इंग्लंड या संस्थेने नोंदीच्या चार पातळ्या ठरवल्या आहेत आणि त्या कुठेही वापरता येतात. पहिलीत बाहेरून पाहणी, थोडे फोटो आणि छोटं टिपण एवढंच. दुसरीत आतबाहेर पाहून वर्णन. तिसरीत रेखाटनांसह इमारत कशी घडत गेली याचं विश्लेषण. चौथीत त्याला जुनी कागदपत्रं, तुलना आणि व्यापक इतिहासाची जोड. व्यवहारात असं करावं: आधी अख्ख्या गावाची पहिल्या पातळीची नोंद काही दिवसांत उरकावी, मग ज्या इमारती जुन्या, विरळा किंवा लगेच पडणार असतील त्यांवर वेळ खर्चावा. एकाच देखण्या घरावर सगळे दिवस घालवले तर बाकी गाव कोरं राहतं.

मोजमाप कसं घ्यायचं? आमच्यात कोणी वास्तुविशारद नाही.

दोन-तीन माणसं, लांब टेप, ओळंबा, पाणपातळी, पेन्सिल आणि आलेखाचा कागद एवढ्यावर उत्तम काम होतं.

आधी खोलीचा कच्चा नकाशा हाताने काढा, चांगला मोठा, कारण त्यावर आकडे लिहायचे असतात. मग टेप भिंतीच्या एका कोपऱ्यात शून्यावर धरा आणि दुसऱ्या टोकापर्यंत ताणून तसाच ठेवा. दार कुठे सुरू होतं, कुठे संपतं, खिडकी, कोनाडा, भेग, सगळी मापं त्याच एका शून्यापासून वाचत जा. दाराची रुंदी वेगळी, मधली भिंत वेगळी असं तुकड्यातुकड्याने मोजलं की प्रत्येक तुकड्यातली बारीक चूक पुढच्यात मिसळते आणि शेवटी भिंत हातभर लांब भरते. चारही भिंती झाल्या की दोन्ही कर्ण मोजा. जुनी खोली काटकोनात असेल असं कधीही गृहीत धरू नका. कर्ण घेतले नसतील तर घरी जाऊन नकाशा जुळत नाही आणि तोवर खोली पडलेली असू शकते.

उंचीसाठी सगळ्या घरातून एकच आडवी पातळीरेषा फिरवा. पारदर्शक नळीतल्या पाण्याने ती सहज मिळते. त्या रेषेच्या वर किती आणि खाली किती, असं मोजलं की जमिनीचा उतार, खचलेला कोपरा, झुकलेली तुळई आपोआप उघडी पडते. भिंतीची जाडी दारा-खिडक्यांत मोजा. आतल्या आणि बाहेरच्या मापांचा मेळ बसला नाही, तर मधे बुजवलेली जागा असण्याची शक्यता असते. नकाशाला आणि छेदचित्राला (घर उभं कापल्यासारखं दाखवणाऱ्या चित्राला) १:५० प्रमाण पुरतं, दाराच्या चौकटीसारख्या बारकाव्याला १:१० किंवा १:५.

जागेवर लिहिलेला कच्चा कागद फेकू नका. सुबक नकाशात शंका आली तर निर्णय त्या मळक्या कागदावरच होतो.

भिंतीकडे पाहून तिचा इतिहास कसा कळतो?

एक उदाहरण घेऊ. गिलावा पडलेल्या दगडी भिंतीत वरपासून खालपर्यंत एक सरळ उभी फट दिसते. डावीकडचे दगड उजवीकडच्या दगडांत गुंतलेले नाहीत, नुसते टेकलेत. याचा अर्थ भिंतीचे दोन भाग वेगवेगळ्या वेळी बांधले. आता कोपऱ्याचे मोठे, घडवलेले दगड कुठल्या बाजूला आहेत ते पाहा. ज्या बाजूला ते आहेत तो भाग आधीचा, कारण तिथे एकेकाळी घर संपत होतं. वर नजर टाका. तुळईवर रिकामी खाच आहे आणि तिच्यात बसणारा खांब कुठेच नाही, म्हणजे ती दुसऱ्या कुठल्या तरी बांधकामातून काढून इथे वापरली आहे. किनाऱ्यावर लोक चटकन म्हणतात, हे जहाजाचं लाकूड. असू शकतं, पण नुसत्या वाकलेल्या आकारावरून ते ठरवू नये. फळ्या जोडायच्या लाकडी खुंट्यांची ठरावीक अंतरावरची भोकं, तिरकस कापलेल्या कडा, डांबराचे अंश, असं काही दिसलं तर बोला.

रंगाचे थरही सोडू नका. सहज नजरेत न येणाऱ्या कोपऱ्यात धारदार पात्याने पायरीपायरीने खरवडलं की सगळ्यात वरच्या रंगापासून मूळच्या चुन्यापर्यंतची उतरंड उघडी होते. दोन खोल्यांतल्या उतरंडी शेजारी ठेवल्या आणि एकीत तीन थर कमी निघाले, तर ती खोली बहुधा नंतरची. आणि रात्री विजेरी भिंतीला जवळजवळ टेकवून तिरपा प्रकाश टाका. दिवसा कोऱ्या दिसणाऱ्या गिलाव्यावर सुताराच्या खुणा, हिशेबाच्या रेघा, कधी कधी कोणी खिळ्याने कोरलेलं शिडाचं जहाजही उमटतं. किनाऱ्यावरच्या अनेक देशांतल्या वास्तूंत अशी कोरलेली जहाजं आढळली आहेत. त्यांतली डोलकाठी आणि शिडं पाहून जहाजाचा प्रकार ओळखता येतो.

मोबाइलचे फोटो चालतील का?

चालतील, पद्धत हवी. प्रत्येक भिंत समोरून, शक्य तितकी सरळ धरून. फोटोत मोजपट्टी ठेवा. आधी पूर्ण खोली, मग तपशील. नाहीतर वर्षभराने तो सुंदर कोनाडा कुठल्या घरातला हे कोणालाच सांगता येत नाही. फोटो कुठून, कुठल्या दिशेला घेतला याचा बाण नकाशावर काढून क्रमांक त्याच दिवशी लिहा. फिल्टर, सजावट, काही नको. आणि समाजमाध्यमांतून किंवा संदेशातून पाठवलेली प्रत मूळ मानू नका, तिथे फोटो दाबून लहान केला जातो.

ड्रोन आणि लेझर स्कॅनर आल्यावर टेप लावायची गरज काय?

फोटोंवरून मोजण्याची कल्पना एका अपघातातून सुटताना सुचली. १८५८ साली जर्मनीतल्या वेत्सलार इथे मायडेनबाउअर नावाचा तरुण वास्तुविशारद तिथल्या मोठ्या चर्चची दर्शनी बाजू मोजताना पडता पडता वाचला. उंचावर न चढता फोटोंवरून मापं काढता येतील का, या विचाराने त्याने पुढे सगळं आयुष्य त्या तंत्राला दिलं. आज एकमेकांवर ६० ते ८० टक्के येतील असे फोटो घेतले की संगणक त्रिमित प्रतिकृती बनवतो. इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर हॅपिसबर्ग इथे २०१३ च्या मे महिन्यात आठ लाख वर्षांहून जुने मानवी पायांचे ठसे लाटांनी उघडे पाडले. भरतीच्या दोन फेऱ्यांमधल्या वेळात या तंत्राने ते टिपले गेले. थोड्याच दिवसांत समुद्राने ते पुसून टाकले. तिथे टेप लावत बसणं शक्यच नव्हतं.

म्हणून साधन मिळत असेल तर जरूर वापरा. पण स्कॅनर फक्त पृष्ठभाग टिपतो. ही फट म्हणजे नंतरची जोडणी, ही खाच रिकामी आहे, हे त्याला कळत नाही. टेप धरून दिवसभर भिंतीजवळ उभ्या राहिलेल्या माणसाला ते दिसतं. स्कॅनरने मोजलेल्या कोट्यवधी बिंदूंचा नुसता ढग देऊन नोंद पूर्ण झाली म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही.

जमिनीखालच्या अवशेषांचं काय?

जमिनीचं काम प्रशिक्षित पुरातत्त्वज्ञाने, आवश्यक त्या परवान्यासह करायचं. हौसेने खड्डा खणू नका. उत्खनन म्हणजे थर कायमचे मोडणं, ते एकदाच करता येतं. तुमचा वाटा त्याआधीचा आहे: जुने नकाशे, जमीन मोजणीचे कागद, शेतांची आणि वाटांची नावं, विहीर खणताना काय निघालं होतं याच्या आठवणी, नांगरटीनंतर वर दिसणारी खापरं कुठे दाट आहेत त्याची खूण. या माहितीवरून चाचणी चर कुठे घ्यायचे ते ठरतं.

चरात पाहायचे असतात थर. कुठला थर कशावर आहे आणि कुठला खड्डा कुठल्या थरातून कापलाय, या क्रमावर सगळा अर्थ उभा असतो. पुरातत्त्वज्ञ एडवर्ड हॅरिस यांनी १९७३ मध्ये हा क्रम चौकटी आणि रेघांच्या एका तक्त्यात मांडायची रीत काढली, ती आता जगभर वापरतात. घराच्या भिंतींनाही तीच रीत लागू पडते. भांडं किती सुंदर आहे यापेक्षा ते कुठल्या थरात होतं हे जास्त मोलाचं. थर माहीत नसेल तर त्या भांड्याकडून फारसं काही कळत नाही.

किनाऱ्यावर हे काम वेगळं कशामुळे होतं?

इथे समुद्र स्वतःच खणत असतो. स्कॉटलंडच्या ऑर्कनी बेटांवरची स्कारा ब्रे ही सुमारे पाच हजार वर्षांपूर्वीची दगडी वस्ती १८५० च्या वादळाने वाळू उडवल्यामुळे दिसली, आणि पुढच्या एका वादळात तिचा काही भाग वाहूनही गेला. त्यामुळे किनाऱ्याची पाहणी एकदा करून भागत नाही. मोठ्या वादळानंतर, ओहोटी सगळ्यात खाली असताना, त्याच जागेवरून पुन्हा फोटो घ्यावे लागतात.

चिखलात आणि पाण्याखाली हवा पोचत नाही, म्हणून कोरड्या जमिनीत कुजणारं लाकूड, दोर, चामडं तिथे टिकतं. बाहेर काढून उन्हात ठेवलं तर तेच लाकूड आक्रसतं आणि तडकतं. ते ओलंच ठेवायचं आणि पुढच्या जतनाची सोय नसेल तर जागचं हलवायचंच नाही. युनेस्कोच्या २००१ च्या पाण्याखालच्या वारशाविषयीच्या कराराची व्याख्याही लक्षात ठेवण्याजोगी आहे. निदान १०० वर्षं पाण्याखाली असलेल्या मानवी खुणा त्यात येतात आणि त्या सतत बुडालेल्या असल्या पाहिजेत अशी अट नाही. भरतीला बुडून ओहोटीला उघड्या पडणाऱ्याही त्यात मोडतात.

घरांच्या बाबतीत मीठ हा मोठा घटक. भिंतीत मुरलेलं खारं पाणी वाळताना मिठाचे स्फटिक बनतात आणि दगडाचा पापुद्रा सुटतो. चुन्याच्या भिंतीवर मागाहून सिमेंटचा गिलावा केला असेल तर ओल आतच कोंडते आणि झीज वाढते. कुठल्या उंचीपर्यंत पापुद्रे सुटलेत ती रेषा नकाशावर आखा. चुन्याचा तुकडाही जपून ठेवा. त्यात शिंपल्यांचे कण दिसले तर चुना किनाऱ्यावरच भाजला असावा.

घराचं वय नक्की कसं ठरवतात?

एका पुराव्यावर नाही. जुन्या लाकडातल्या वाढीच्या वलयांवरून, सालीलगतचं शेवटचं वलय शाबूत असेल आणि त्या प्रदेशाचा वलयांचा क्रम तयार असेल तर, झाड कुठल्या वर्षी तोडलं हेसुद्धा सांगता येतं. इंग्लंडच्या किनाऱ्यावर १९९८ मध्ये वाळूतून वर आलेलं सीहेंज हे लाकडी वर्तुळ इ. स. पू. २०४९ मध्ये तोडलेल्या झाडांचं आहे, हे असंच कळलं. कार्बन-१४ पद्धत (अवशेषात उरलेल्या कार्बनवरून वय काढायची) शिंपल्यांवर वापरताना सावध राहावं, कारण समुद्राच्या पाण्यातला कार्बन जुना असतो आणि वय सरासरी ४०० वर्षांनी जास्त येऊ शकतं. बाकी विटेचं माप, खिळ्यांचा प्रकार, जुने नकाशे यांची जोड लागते. दारावर कोरलेलं साल पुष्कळदा दुरुस्तीचं असतं.

जुन्या माणसांच्या आठवणी पुराव्यात धरतात का?

धरतात, आणि त्या सगळ्यात आधी घ्याव्यात. इमारत दोन आठवडे थांबेल, ऐंशी ओलांडलेली आजी थांबेलच असं नाही. त्यांना घरातच, खोल्याखोल्यांतून चालवत विचारा. चूल कुठे होती, बाळंतिणीची खोली कुठली, जाळी कुठे रंगवायचे, वादळात पाणी कुठल्या पायरीपर्यंत आलं होतं. ध्वनिमुद्रणाला आधी परवानगी घ्या, ते कुठे ठेवणार आणि कोण ऐकू शकेल ते सांगा, आणि नको असलेला भाग काढायचा हक्क त्यांच्याकडेच ठेवा. सीहेंज १९९९ मध्ये उचलून नेताना स्थानिकांशी मोठा वाद झाला होता. ती जागा आपली मानणाऱ्यांना सुरुवातीपासून सोबत घेणं किती गरजेचं आहे, ते त्यातून दिसलं.

खर्च कोणी करायचा? कायदा काय सांगतो?

देशोदेशी वेगळं आहे. इंग्लंडमध्ये १९९० च्या नियोजन मार्गदर्शनानंतर बांधकाम करणाऱ्यानेच खर्च उचलण्याची रीत पडली. युरोपीय देशांच्या १९९२ च्या व्हॅलेटा करारातही पुरातत्त्वाचा खर्च प्रकल्पाच्या अंदाजपत्रकातच धरावा अशी दिशा आहे. भारतात केंद्रीय संरक्षित स्मारकाभोवती १०० मीटर बांधकामाला बंदी आणि त्यापुढच्या २०० मीटरवर नियंत्रण आहे, पण संरक्षित यादीत नसलेल्या साध्या घरांना यातून संरक्षण मिळत नाही. म्हणून नोंदीची अट विकास करारातच लिहून घ्या. अंदाजपत्रकात वेगळी ओळ असली की ते काम होतं, नुसत्या आश्वासनावर होत नाही.

पडायला आलेल्या घरात शिरावं का?

एकट्याने कधीही नाही. कुजलेला माळा, सुटलेली विजेची तार, जुन्या पत्र्यांतलं ॲस्बेस्टॉस, यांतलं काही असेल तर बाहेरूनच नोंद करा आणि तसं स्पष्ट लिहा. कोणते भाग पाहता आले नाहीत, हाही नोंदीचाच भाग आहे.

तयार झालेली नोंद ठेवायची कुठे?

कोणाच्या तरी लॅपटॉपमध्ये नक्कीच नाही. अमेरिकेत १९३३ साली मंदीत बेकार झालेल्या वास्तुविशारदांना जुन्या इमारती मोजायचं काम देण्यात आलं. ती रेखाटनं काँग्रेसच्या ग्रंथालयात जमा होत गेली आणि आजही कोणालाही पाहता येतात. नव्वद वर्षांनी ती हाती लागतात, याचं कारण ती पहिल्यापासून सार्वजनिक संग्रहात गेली. तुमच्या नोंदीच्या तीन प्रती करा. त्यांतली एक गावाबाहेर ठेवा. पुरात किंवा वादळात सगळं एकदम जायला नको. जमा करण्याबद्दल संग्रहालयाशी किंवा अभिलेखागाराशी काम सुरू होण्याआधीच बोला, कारण कागद कुठला, फाइल कुठल्या स्वरूपात, हे त्यांच्या नियमांवर अवलंबून असतं. मजकूर पीडीएफ-ए मध्ये (दीर्घकाळ जपण्यासाठीच्या पीडीएफमध्ये), फोटो टिफ मध्ये (दर्जा न घटवता फोटो ठेवणाऱ्या स्वरूपात) द्यावेत, आणि मुख्य नकाशे चांगल्या कागदावर छापूनही ठेवावेत.

पाडकाम चालू असताना अचानक काही सापडलं तर?

यंत्र तिथेच थांबवा. वस्तू ओढून काढू नका, धुऊ नका. मोजपट्टी ठेवून फोटो घ्या आणि दोन पक्क्या खुणांपासून तिचं अंतर मोजून लिहा. ओलं लाकूड असेल तर ओल्या गोणपाटाने झाका. मानवी हाडं दिसली तर आधी पोलिसांना कळवा आणि जागेला आडोसा करा. बाकी सगळ्यासाठी पुरातत्त्व खात्याला कळवा. हे सगळं सुरळीत व्हायचं तर किती दिवस काम थांबेल आणि त्या दिवसांचे पैसे कोण देईल, हे करारात आधीच ठरलेलं असावं. नाहीतर मजुरी बुडण्याच्या भीतीने सापडलेली गोष्ट मुकाट्याने बुजवली जाते. यंत्रचालकाला काम सुरू होण्याआधी जुन्या विटा, खापरं, काळपट चिखलातलं लाकूड यांचे फोटो दाखवा आणि कोणाला फोन करायचा तो नंबर त्याच्या केबिनमध्ये चिकटवून ठेवा.